महाराष्ट्रातील द्राक्ष निर्यात

महाराष्ट्रातील द्राक्ष निर्यात म्हणजे राज्यातील, मुख्यतः नाशिक, सांगली, सोलापूर व पुणे या जिल्ह्यांतील, द्राक्ष बागायतदारांनी पिकवलेली खाण्याची ताजी द्राक्षे परदेशी बाजारपेठेत पाठवण्याचा व्यवहार होय. भारतातून निर्यात होणाऱ्या ताज्या द्राक्षांपैकी बहुतांश द्राक्षे महाराष्ट्रात पिकतात. २०२३-२४ या वर्षात भारताने सुमारे ३ लाख ४४ हजार टन ताजी द्राक्षे निर्यात केली व त्यांचे मूल्य सुमारे ३,४६० कोटी रुपये होते. नेदरलँड्स, युनायटेड किंग्डम, जर्मनी, रशिया, संयुक्त अरब अमिराती व बांगलादेश हे प्रमुख ग्राहक देश आहेत. देशातील एकूण उत्पादनाशी तुलना करता निर्यातीचा वाटा लहान आहे. तरीही लागवडीच्या पद्धती, औषधांचा वापर, मजुरी आणि स्थानिक बाजारातील भाव या सर्वांवर निर्यातीचा प्रभाव तिच्या आकारमानापेक्षा कितीतरी अधिक पडला आहे.

हे पीक मोठ्या मळेवाल्यांचे नाही. २०१५-१६ च्या कृषी गणनेनुसार महाराष्ट्रातील सरासरी जमीनधारणा १.३४ हेक्टर होती. निर्यातीसाठी नोंदवले जाणारे द्राक्षांचे अनेक भूखंड एक-दोन एकरांचे असतात. चिली, पेरू किंवा दक्षिण आफ्रिकेतील शेकडो हेक्टरांच्या कंपनी-मळ्यांतील माल युरोपातील ज्या दुकानांत ठेवला जातो, त्याच दुकानांत या लहान बागांतील मालही ठेवला जातो आणि त्याला तेच निकष लावले जातात. या विषयातील बहुतेक प्रश्न या एका विसंगतीतून निर्माण झाले आहेत.

पार्श्वभूमी

नाशिक जिल्ह्यातील आधुनिक द्राक्षशेतीचा आरंभ १९२५ च्या सुमारास निफाड तालुक्यातील ओझर येथे रावसाहेब जयराम कृष्णा गायकवाड यांनी केलेल्या लागवडीपासून मानला जातो. सुरुवातीच्या काळात भोकरी, फकडी, काळी साहेबी, पंढरी साहेबी या बियांच्या जाती प्रचलित होत्या. पुढे हैदराबादकडून आलेली अनाबेशाही ही जात काही काळ लोकप्रिय झाली. खरा बदल थॉमसन सीडलेस या बिनबियांच्या जातीमुळे घडला. बियांची द्राक्षे हळूहळू बाजारातून जवळजवळ नाहीशी झाली. शेतकऱ्यांनी स्वतः आपल्या बागांमधील वेगळ्या वेली हेरून नव्या जाती निवडल्या. तासगाव तालुक्यात निवडलेली तास-ए-गणेश आणि सोलापूर जिल्ह्यातील नान्नज येथे निवडलेल्या सोनाका व शरद सीडलेस या जाती अशाच निरीक्षणातून पुढे आल्या. भारतीय फळशेतीत शेतकऱ्यांनी केलेल्या वाणनिवडीची इतकी ठळक उदाहरणे थोडीच आहेत.

बागायतदारांची राज्यव्यापी संघटना असलेला महाराष्ट्र राज्य द्राक्ष बागायतदार संघ १९६० च्या दशकापासून कार्यरत आहे. संघाचे वार्षिक अधिवेशन, चर्चासत्रे व मासिक यांतून छाटणी, खते व औषधे यांविषयीची माहिती गावोगाव पोहोचली. १९९७ मध्ये पुण्याजवळील मांजरी येथे राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्र स्थापन झाले. निर्यातीतील रासायनिक अवशेषांच्या तपासणीचे राष्ट्रीय पातळीवरील काम पुढे याच केंद्राकडे आले.

निर्यातक्षम द्राक्ष

महाराष्ट्रातील द्राक्षवेलीची वर्षातून दोनदा छाटणी होते, पण पीक एकदाच घेतले जाते. थंड देशांत हिवाळ्यात वेल सुप्तावस्थेत जाते, येथील हवामानात ती तशी जात नाही. म्हणून तिची ऋतुचर्या कात्रीने ठरवावी लागते. एप्रिलच्या सुमारास केली जाणारी ती खरड छाटणी. या वेळी जुनी काडी काढून टाकतात, नवी फूट घेतात आणि त्या नव्या काडीतील डोळ्यांत पुढच्या हंगामाचे घड तयार होऊ देतात. सप्टेंबर-ऑक्टोबरमधील दुसरी छाटणी म्हणजे फळछाटणी. तिलाच गोडी छाटणी असेही म्हणतात. तिच्यानंतर साधारणपणे ११० ते १३० दिवसांत माल काढणीस येतो. नाशिक जिल्ह्याच्या सटाणा (बागलाण) भागात ही छाटणी जून-जुलैपासूनच सुरू होते. भर पावसात बाग सांभाळण्याचा हा जुगार आहे. तो साधला तर बाजारात माल नसताना चांगला भाव मिळतो.

देशी बाजारासाठीचे द्राक्ष आणि निर्यातीचे द्राक्ष यांत मुख्य फरक घडाच्या रचनेचा असतो. युरोपसाठीच्या पांढऱ्या द्राक्षाच्या मण्याचा व्यास साधारणपणे १६ ते १८ मिलिमीटर किंवा त्याहून अधिक, रंग एकसारखा, साखर पुरेशी आणि मण्यावरची नैसर्गिक लव, म्हणजे मेणासारखा पांढुरका थर, अखंड असावा लागतो. यासाठी वेलीवरील घडांची संख्या मर्यादित ठेवतात. प्रत्येक घडातील पाकळ्या व मणी कात्रीने कमी करतात. या कामाला विरळणी म्हणतात. मणी फुगण्यासाठी जिबरेलिक आम्लाच्या द्रावणात घड बुडवतात. खोडाची साल वर्तुळाकार काढण्याची गर्डलिंग ही क्रियाही याच हेतूने केली जाते. उन्हाने मणी पिवळे पडू नयेत म्हणून काही बागांत घडांना कागद गुंडाळतात. म्हणजेच शेतकरी आधी स्वतःच्या हाताने उत्पादन कमी करतो आणि मग उरलेल्या मालाला अधिक भाव मिळेल या अपेक्षेवर हंगाम काढतो. निर्यातीचा सौदा मोडला तर हा कमी केलेला माल स्थानिक बाजारात विकावा लागतो आणि तेथे विरळणीच्या मजुरीचे मोल कोणी देत नाही.

काढणी पहाटे, ऊन चढण्यापूर्वी होते. घड कॅरेटमध्ये भरून पॅकहाऊसमध्ये नेतात. तेथे खराब मणी काढून, वजन करून, पनेटमध्ये किंवा पिशवीत घालून खोक्यांत भरतात. प्रत्येक खोक्यात गंधकाचा वायू मंदपणे सोडणारा कागद ठेवलेला असतो. त्यामुळे बुरशीला आळा बसतो. त्यानंतर प्री-कूलिंग कक्षात काही तासांत फळाचे तापमान चार अंश सेल्सिअसच्या आसपास आणतात आणि मग शून्य अंशाजवळ साठवतात. एका शीत कंटेनरमध्ये सुमारे १३ टन माल मावतो. न्हावा-शेवा येथील जवाहरलाल नेहरू बंदरातून सुएझ कालव्यामार्गे रॉटरडॅम बंदराला पोहोचण्यास साधारण तीन ते चार आठवडे लागतात.

भारतीय द्राक्षाला युरोपात स्थान मिळाले ते प्रामुख्याने वेळेमुळे. चिली व दक्षिण आफ्रिकेचा हंगाम उतरणीला लागतो आणि इजिप्तचा सुरू व्हायचा असतो, अशा फेब्रुवारी ते एप्रिल या काळात महाराष्ट्राचा माल तेथे पोहोचतो. ही फट अरुंद आहे. दक्षिण गोलार्धातील हंगाम लांबला, किंवा अवकाळी पावसाने येथील काढणी पुढे गेली, तर एकाच आठवड्यात दोन खंडांचा माल दुकानांत उतरतो आणि भाव कोसळतात.

महाग्रेप्स

१९८० च्या दशकात येथील द्राक्षे आखाती देशांत जात असत. युरोपच्या बाजारात संघटितपणे उतरण्याचा पहिला मोठा प्रयत्न १९९१ मध्ये स्थापन झालेल्या महाग्रेप्स या संस्थेने केला. द्राक्ष उत्पादकांच्या अनेक सहकारी संस्थांनी एकत्र येऊन उभारलेली ही भागीदारी संस्था होती. महाराष्ट्र राज्य कृषी पणन मंडळ, राष्ट्रीय सहकार विकास निगम आणि कृषी व प्रक्रिया केलेले खाद्यपदार्थ निर्यात विकास प्राधिकरण, म्हणजेच अपेडा, यांचे तिला साहाय्य होते. रचना साधी होती. शेतकरी आपल्या गावच्या सहकारी संस्थेचा सभासद, पॅकहाऊस व शीतगृह त्या संस्थेचे, आणि परदेशी खरेदीदार शोधणे, गुणवत्तेचे निकष ठरवणे, कागदपत्रे करणे ही कामे महाग्रेप्सची.

पहिल्या काही हंगामांत माल नाकारला जाण्याचे अनुभव आले. द्राक्ष पिकवण्यात शेतकरी निष्णात होते; पण काढणीनंतर ते थंड ठेवण्याचे शास्त्र येथे नवे होते. प्री-कूलिंग, गंधकाचा कागद व खोक्यांची रचना यांत सुधारणा झाल्यावर परिस्थिती पालटली. १९९७ मध्ये युरोपातील किरकोळ विक्रेत्यांनी युरेपगॅप ही शेतीपद्धतीची प्रमाणपत्र व्यवस्था सुरू केली. २००७ मध्ये तिचे नाव ग्लोबलगॅप झाले. एकट्या शेतकऱ्याला हे प्रमाणपत्र परवडण्याजोगे नव्हते. समूहाने प्रमाणपत्र घेण्याची सोय असल्यामुळे सहकारी संस्थांच्या सभासदांना ते मिळवता आले. देवेश रॉय व अमित थोरात या अर्थशास्त्रज्ञांनी २००८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात महाग्रेप्सशी जोडलेल्या शेतकऱ्यांचे उत्पन्न इतर मार्गांनी विक्री करणाऱ्यांपेक्षा अधिक असल्याचे आढळले. या व्यवस्थेत लहान शेतकरी वगळले जात असल्याचेही त्यांना दिसले नाही.

पुढे खासगी निर्यातदारांची संख्या झपाट्याने वाढली आणि निर्यातीतील मोठा वाटा त्यांच्याकडे गेला.

रासायनिक अवशेष आणि ग्रेपनेट

द्राक्ष हे औषधांवर अवलंबून असणारे पीक आहे. डाऊनी, भुरी व करपा या बुरशीजन्य रोगांसाठी, तसेच फुलकिडे व पिठ्या ढेकूण या किडींसाठी फळछाटणीनंतर अनेक फवारण्या कराव्या लागतात. फुलोऱ्याच्या काळात पाऊस झाला तर डाऊनी एका रात्रीत बाग नेऊ शकतो, अशी बागायतदारांची धास्ती असते आणि ती निराधार नाही. फवारलेल्या औषधाचा काही अंश फळावर किंवा फळात उरतो. फळात त्याचे किती प्रमाण चालेल याची प्रत्येक रसायनासाठी ठरवलेली कमाल मर्यादा असते आणि ती देशागणिक वेगळी असते. ज्या रसायनासाठी स्वतंत्र मर्यादा ठरलेली नाही, त्याला युरोपीय संघात अत्यंत कमी अशी सर्वसाधारण मर्यादा लागू होते.

२००३ मध्ये नेदरलँड्समध्ये भारतीय द्राक्षांत मेथोमिल या कीटकनाशकाचे अवशेष मर्यादेपेक्षा अधिक आढळले आणि युरोपीय देशांना धोक्याची सूचना पाठवण्यात आली. याचा परिणाम म्हणून अपेडाने राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्राच्या मदतीने २००३-०४ च्या हंगामापासून अवशेष संनियंत्रण योजना लागू केली. २००६ मध्ये या योजनेला ग्रेपनेट या संगणकीय प्रणालीची जोड मिळाली. फळाचा माग थेट बागेपर्यंत काढता येणारी ही भारतातील पहिली मोठी व्यवस्था होय. डाळिंब, आंबा व भाजीपाला यांसाठी नंतर आलेल्या प्रणाली तिच्याच धर्तीवर बेतल्या गेल्या.

ग्रेपनेटनुसार युरोपला माल पाठवू इच्छिणाऱ्या शेतकऱ्याने हंगामाच्या आरंभी कृषी विभागाकडे आपल्या बागेची नोंदणी करायची असते. प्रत्येक भूखंडाला स्वतंत्र क्रमांक मिळतो. शेतकऱ्याने फवारण्यांची नोंदवही ठेवायची असते. कोणते औषध किती प्रमाणात वापरावे आणि शेवटची फवारणी काढणीपूर्वी किती दिवस आधी थांबवावी, याची यादी संशोधन केंद्र प्रसिद्ध करते आणि ती वेळोवेळी सुधारते. काढणीपूर्वी मान्यताप्राप्त प्रयोगशाळेचा प्रतिनिधी बागेत येऊन नमुना घेतो. अहवाल संगणकावर नोंदला जातो. नमुना उत्तीर्ण झाला तरच त्या भूखंडाचा माल युरोपसाठी भरता येतो. त्यानंतर ॲगमार्क व वनस्पती आरोग्य प्रमाणपत्र मिळते. रॉटरडॅममधील खोक्यावरच्या आकड्यावरून तो माल दिंडोरी तालुक्यातील कोणत्या बागेतला, हे शोधता येते.

या व्यवस्थेची दुसरी बाजूही आहे. औषध बाजूच्या बागेतून वाऱ्याने उडून आले, दुकानदाराने दिलेल्या खतात किंवा 'सेंद्रिय' म्हणून विकलेल्या टॉनिकात न छापलेले रसायन निघाले, तरी नापास होतो तो भूखंड शेतकऱ्याचाच. माग काढण्याची साखळी फळाच्या दिशेने पूर्ण आहे. औषधाच्या दिशेने, म्हणजे बाटली कोणी भरली व कोणी विकली इथपर्यंत, ती तितकी काटेकोर नाही.

२०१० चे क्लोरमेक्वाट प्रकरण

२००९-१० चा हंगाम मुळातच अडचणीचा होता. नोव्हेंबर २००९ मध्ये फयान चक्रीवादळामुळे झालेल्या पावसाने ऐन नाजूक अवस्थेतील बागांचे नुकसान केले. वाचलेला माल निर्यात होत असतानाच २०१० च्या वसंतात युरोपातील तपासणीत भारतीय द्राक्षांत क्लोरमेक्वाट क्लोराइड या रसायनाचे अवशेष आढळले.

हे कीटकनाशक नव्हे, तर वाढनियंत्रक आहे. शेतकऱ्यांच्या बोलीत ते सीसीसी किंवा लिहोसीन या नावांनी ओळखले जाते. खरड छाटणीनंतर फुटीची बेसुमार वाढ रोखून काडीत घडनिर्मिती चांगली व्हावी यासाठी ते फवारले जात असे. ही भारतातील मान्य व प्रचलित पद्धत होती. फवारणी आणि काढणी यांत कित्येक महिन्यांचे अंतर असल्यामुळे फळात त्याचा अंश उरेल अशी शंका बागायतदारांना येण्याचे कारण नव्हते. तपासणीसाठीच्या रसायनांच्या यादीतही त्याचा समावेश नव्हता. त्यामुळे प्रयोगशाळांनी ते शोधलेच नाही. युरोपीय संघात मात्र द्राक्षांसाठी त्याची मर्यादा किलोमागे ०.०५ मिलिग्रॅम होती. हे प्रमाण किती सूक्ष्म आहे ते असे समजेल: १३ टनांच्या संपूर्ण कंटेनरमधील द्राक्षांत मिळून या रसायनाचे वजन पाऊण ग्रॅमपेक्षाही कमी भरले पाहिजे.

परिणाम तत्काळ झाला. दुकानांनी माल उचलणे थांबवले, कंटेनर बंदरांत अडकले, काही माल नष्ट करावा लागला, तर काही अत्यल्प भावात अन्यत्र वळवावा लागला. निर्यातदारांच्या संघटनांनी नुकसानीचा आकडा शेकडो कोटी रुपयांत सांगितला. अनेक निर्यातदारांनी शेतकऱ्यांचे उरलेले पैसे रोखून धरले. शेतकऱ्यांच्या दृष्टीने या प्रकरणातील अन्याय स्पष्ट होता. त्यांनी नोंदणी केली होती, यादीतील सूचना पाळल्या होती, नमुना उत्तीर्ण झाला होता आणि तरीही माल नाकारला गेला. युरोपातील मर्यादा जाहीर होती. ती येथील यादीत उतरवण्याचे काम कोणाचे होते, यावर निर्यातदार व शासकीय यंत्रणा यांच्यात दीर्घकाळ वाद राहिला. या वादात बागायतदार हा पक्षकार नव्हता. पण तुटीचा मोठा भाग त्याच्या खात्यावर पडला.

पुढील हंगामापासून क्लोरमेक्वाटचा तपासणीत समावेश झाला आणि तपासल्या जाणाऱ्या रसायनांची यादी बरीच विस्तारली. निर्यातीच्या बागांत त्याचा वापर थांबवण्याच्या सूचना देण्यात आल्या. वाढ रोखण्यासाठी शेंडा खुडणे, नत्र व पाणी आवरणे हे जुनेच उपाय पुन्हा पुढे आले. त्यांना मजूर अधिक लागतात.

सौदे, पैसे आणि जोखीम

निर्यातीच्या व्यवहाराच्या दोन मुख्य पद्धती आहेत. पहिल्या पद्धतीत निर्यातदार बागेवर येऊन माल पाहतो आणि किलोचा भाव ठरवतो. हा जागेवरचा सौदा बहुधा तोंडी असतो. थोडी रक्कम आधी व उरलेली काही आठवड्यांनी मिळते. दुसऱ्या पद्धतीत माल विक्रीसाठी सोपवला जातो आणि परदेशात प्रत्यक्ष विक्री झाल्यावर भाडे, अडत, पुन्हा निवड करण्याचा खर्च वजा करून उरेल ते शेतकऱ्याला मिळते. पहिल्या पद्धतीत बुडवेगिरीची भीती असते, तर दुसरीत बाजाराची. माल पोहोचल्यावर 'घड गळले', 'देठ सुकला' अशा कारणांसाठी आयातदार जी कपात मागतो, तिची शहानिशा करणे नाशिकच्या शेतकऱ्याला शक्य नसते.

देशी व निर्यात व्यापारात पैसे बुडवून व्यापारी पसार होण्याचे प्रकार द्राक्षपट्ट्यात वारंवार घडले आहेत. २०२० मध्ये नाशिक परिक्षेत्राच्या पोलिसांनी अशा तक्रारींसाठी विशेष मोहीम राबवली आणि काही शेतकऱ्यांना थकलेली रक्कम परत मिळाली. ही वसुली पोलिसांनी करावी लागणे, यावरून करार व न्यायव्यवस्थेचा नेहमीचा मार्ग लहान शेतकऱ्याला किती दूरचा वाटतो हे दिसते.

निर्यातीच्या कक्षेबाहेर राहिलेला किंवा नापास झालेला माल देशी बाजारात जातो अथवा बेदाण्यासाठी वापरला जातो. सांगली जिल्ह्यातील तासगाव परिसर बेदाण्याचे मोठे केंद्र आहे. बेदाणा टिकतो, शीतगृहात ठेवून विकता येतो आणि त्यामुळे सांगली-सोलापूरच्या शेतकऱ्याला हंगामात थांबण्याची थोडी उसंत मिळते. नाशिककडे हा आधार तुलनेने कमी आहे. तेथील शेतकऱ्याला काढणीच्या दोन-तीन आठवड्यांतच निर्णय घ्यावा लागतो. फेब्रुवारी-मार्च २०१४ मधील गारपीट आणि मार्च २०२० मधील टाळेबंदी या घटना अशाच वेळी घडल्या.

२०२३ च्या अखेरीपासून तांबड्या समुद्रातील जहाजांवर हल्ले होऊ लागल्याने मालवाहू जहाजे आफ्रिकेला वळसा घालून जाऊ लागली. प्रवास साधारण दोन आठवड्यांनी लांबला आणि भाडे वाढले. शेजारच्या बांगलादेशात रस्त्याने जाणाऱ्या मालाला ही अडचण नव्हती; मात्र तेथील आयातशुल्कवाढीने तो बाजारही आकुंचित झाला.

सह्याद्री फार्म्स

२०१० च्या प्रकरणानंतर निर्यातीत पुन्हा सामूहिक संघटन दिसू लागले. त्याचे सर्वांत मोठे उदाहरण दिंडोरी तालुक्यातील मोहाडी येथील सह्याद्री फार्मर्स प्रोड्युसर कंपनी हे आहे. विलास शिंदे यांच्या पुढाकाराने २०१०-११ च्या सुमारास उभी राहिलेली ही शेतकरी उत्पादक कंपनी देशातील प्रमुख द्राक्ष निर्यातदारांपैकी एक बनली. पॅकहाऊस, शीतगृहे, फळप्रक्रिया, निविष्ठांची विक्री आणि हवामानविषयक सल्ला या सेवा ती सभासदांना देते. २०२२ मध्ये तिच्या काढणीपश्चात व्यवसायात युरोपीय गुंतवणूकदारांच्या गटाने सुमारे ३१० कोटी रुपये गुंतवले. सहकारी संस्थेऐवजी कंपनी कायद्याखालील रचना स्वीकारल्यामुळे भांडवल उभारणे सोपे गेले, हे महाग्रेप्सच्या काळापेक्षा वेगळे आहे.

वाणांच्या प्रश्नातही या कंपनीने लक्ष घातले. जगाच्या बाजारात थॉमसनची जागा मोठ्या मण्यांच्या, कुरकुरीत व रंगीत वाणांनी घेतली आहे. त्यांतील बहुतेक वाणांचे हक्क परदेशी पैदासकार कंपन्यांकडे असतात. परवाना व स्वामित्वशुल्क दिल्याशिवाय ते लावता येत नाहीत. सह्याद्रीने आरा मालिकेतील वाण करार करून आणले. ज्या भागात शेजाऱ्याच्या बागेतील चांगली काडी मागून आणणे हा वाणप्रसाराचा रुळलेला मार्ग होता, तेथे काडीची मालकी ही कल्पनाच नवी आहे.

मजूर

विरळणी, डिपिंग, काढणी व प्रतवारी ही कामे यंत्राने होत नाहीत. पेठ, सुरगाणा, हरसूल या आदिवासी भागांतील कुटुंबे हंगामात निफाड-दिंडोरीच्या बागांत येऊन राहतात. नाशिकजवळील गिरणारे येथील मजूर अड्डा प्रसिद्ध असून तेथे पहाटे रोजंदारी व एकरी ठेक्याचे भाव ठरतात. विरळणीत महिलांचे प्रमाण मोठे असते. ग्लोबलगॅपच्या निकषांत मजुरांसाठी स्वच्छतागृह, पिण्याचे पाणी व फवारणीच्या वेळचे संरक्षक कपडे यांचा समावेश आहे. पण प्रमाणपत्र बागेला मिळते, बागेबाहेरच्या पालातील मुक्कामाला ते लागू होत नाही.

पालघर जिल्ह्यातील फळपिकांशी तुलना

द्राक्षालाच हे यश का मिळाले, हे शेजारच्या पालघर जिल्ह्याकडे पाहिले की कळते. नाशिकला लागून असलेल्या या जिल्ह्याच्या किनारपट्टीवर द्राक्षाइतकीच जुनी व नावाजलेली फळबागायत आहे. मात्र तिचा माल प्रामुख्याने देशातच खपतो.

डहाणू-घोलवड परिसरातील चिकूला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले आणि जुलै २०२१ मध्ये अपेडाच्या पुढाकाराने त्याची एक खेप ब्रिटनला पाठवण्यात आली. पालघर जिल्ह्यात सुमारे पाच हजार हेक्टरांवर चिकू आहे. तरीही मोठी निर्यात उभी राहिलेली नाही. याचे कारण मुख्यतः फळाच्या स्वभावात आहे. द्राक्ष तोडल्यावर पिकत नाही. ते जसे तोडले तसेच शून्य अंशाजवळ आठवडेच्या आठवडे राहते. चिकू तोडल्यावर पिकतो, काही दिवसांतच मऊ पडतो आणि फार कमी तापमानात ठेवल्यास बिघडतो. समुद्रमार्गे तीन आठवड्यांचा प्रवास त्याला मानवत नाही आणि विमानाचे भाडे त्याच्या भावाला झेपत नाही. त्यामुळे कालीपत्ती जातीचा हा चिकू दिल्ली व उत्तर भारताकडे जातो.

वसई-विरार भागातील केळीबागांनी या अडचणीवर फार पूर्वी एक उपाय काढला होता. १८८२ च्या ठाणे जिल्हा गॅझेटियरमध्ये वसई व माहीम भागातील केळीच्या अनेक जातींची नोंद असून बसराई, मुठेळी, तांबडी, राजेळी, लोखंडी ही त्यांतील काही नावे आहेत. यांपैकी राजेळी केळी पिकल्यावर सोलून उन्हात वाळवतात आणि केळीच्याच सुकलेल्या पानांत बांधतात. या सुकेळ्यांसाठी आगाशी गाव विशेष प्रसिद्ध होते. बेदाण्याप्रमाणेच सुकेळ्यालाही शीतगृह लागत नाही, बंदरात अडकले तरी ते नासत नाही आणि भाव पडला तर ते थांबवून ठेवता येते. मात्र त्याला ऊन, मोकळे अंगण आणि राजेळीची बाग लागते. २००९ मध्ये वसई-विरार महानगरपालिका स्थापन झाली. २०११ च्या जनगणनेत तिची लोकसंख्या १२ लाखांवर गेली होती. जमिनीचा भाव केळीच्या भावाशी स्पर्धेत उतरल्यावर या भागातील बागायत आक्रसली आणि सुकेळी करणारी कुटुंबे मोजकी उरली.

नाशिकच्या द्राक्षपट्ट्यातही ओझर, पिंपळगाव बसवंत व नाशिक शहरालगतच्या गावांत जमिनीचे व्यवहार वाढत आहेत. सलग तोट्याच्या हंगामांनंतर बागा तोडून तेथे मका, सोयाबीन किंवा भाजीपाला घेण्याचे प्रमाणही अलीकडे लक्षणीय आहे. द्राक्षबाग उभी करताना लोखंडी सांगाडा, ठिबक संच व खुंटरोपे यांवर मोठी भांडवली गुंतवणूक झालेली असते आणि ती सहसा कर्जातून येते. बाग तोडली तरी त्या कर्जाचे हप्ते चालू राहतात.